निफाडला शेततळ्यात लागलेला पांढरा थर: शहाबादचा चुनखडक इथपर्यंत येतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. निफाड तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नाही अशा शेतात एक एकराचं शेततळं खोदताय. काळी माती संपल्यावर पाच-सहा फुटांवर पांढरट कडक थर लागला, जेसीबीला जोर द्यावा लागतोय, थराची जाडी तीन-साडेतीन फूट आहे. बाथरूम धुवायचं ॲसिड टाकलं तर फसफसून फेस आला. कलबुर्गीकडचे तुमचे पाहुणे म्हणाले की हा आमच्याकडचाच शहाबादचा दगड, वरून कुजलाय, खाली चांगला निघेल. मग एक मध्यस्थ उभा राहिला आणि सांगायला लागला की सिमेंट कंपन्या असला दगड शोधतच असतात, खोल बोअर मारून सॅम्पल काढू, त्याचे पैसे आधी द्या. तुमचं विचारणं असं की शहाबादचा पट्टा नाशिकपर्यंत येतो का, आणि बोअर मारावा का.

दोन्हीचं उत्तर नाही. पण नुसतं नाही म्हणून सोडलं तर उद्या दुसरा कोणी येऊन हो म्हणेल आणि तुम्ही परत तिथेच, म्हणून कारणासकट सांगतो. माझं काम भूजलाचं, विहिरी-बोअरच्या जागा बघायचं, आणि मधली काही वर्षं इमारती दगडाच्या खाणींच्या पाहणीत गेली, त्यामुळे कर्नाटकातला शहाबाद-वाडी-सेडमचा भाग चांगला पायाखालचा आहे आणि निफाड-सिन्नर-येवला तर रोजचंच.

खरी गडबड फेसापासून सुरू होते. ॲसिड टाकल्यावर फेस आला याचा अर्थ त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे, बस, याच्या पुढे तो फेस काही सांगत नाही. शहाबादी फरशीवर ॲसिड टाका, फेस येईल. शिंपल्यावर टाका, येईल. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो खरवडून त्याच्यावर टाका, तरी येईल. पदार्थ एकच, पण तो तिथे आला कसा हे प्रत्येकाचं वेगळं, आणि खालच्या दगडाचा अंदाज बांधायचा तर पदार्थापेक्षा तो कसा आला हेच बघावं लागतं. समुद्रात साचलेला थर असेल तर तो कोसच्या कोस पसरतो, खाली आणखी थर असतात, त्याचा माग काढता येतो. मातीत पाण्याने साचवलेली चुनखड असेल तर ती तुमच्या जमिनीची आणि तुमच्याकडच्या हवामानाची वस्तू असते, तिला खाली मूळ खडक म्हणून काही नसतंच.

आता आधी शहाबादकडे जाऊ, कारण पाहुण्यांचं म्हणणं तिथून आलंय आणि त्यांनी आयुष्यभर तो दगड बघितलेला असणार.

नाशिकमधल्या जुन्या वाड्यात, शाळेत, गोदामात जी निळसर-करड्या रंगाची शहाबादी फरशी दिसते ती भीमा खोऱ्यातली. भूशास्त्रात त्याला भीमा गट म्हणतात, विल्यम किंग आणि रॉबर्ट ब्रूस फूट या दोघांनी १८७० च्या दशकात हा भाग नीट अभ्यासून नोंदवला. उघड्यावर दिसणारं क्षेत्र साधारण ५,२०० चौरस किलोमीटर, ईशान्येकडून नैऋत्येकडे तिरकं पसरलेलं. एका टोकाला तेलंगणातलं तांदूर, मग सेडम, मळखेड, चित्तापूर, वाडी, शहाबाद, पुढे यादगीर जिल्ह्यातलं गोगी, आणि पार विजयपूर जिल्ह्यातल्या ताळीकोटेपर्यंत. म्हणजे बाजारात तांदूर म्हणून जी पिवळसर किंवा निळी फरशी येते ती आणि शहाबादी या एकाच खोऱ्यातल्या. कडप्पा मात्र वेगळा, तो आंध्रातल्या दुसऱ्या खोऱ्यातला चुनखडक, आणि कोटा तर राजस्थानातला विंध्य गटातला. चारही चुनखडकच, म्हणून तर चौघांवर लिंबू सांडलं की डाग पडतो आणि फरशी ॲसिडने धुतली की पॉलिश जातं, पण घराणी वेगवेगळी.

या शहाबादच्या थरांची रचना कशी आहे ते महत्त्वाचं. सगळ्यात खाली अतिशय जुना ग्रॅनाइट आणि नाइस खडक, त्याची झीज होऊन तयार झालेला जमिनीचा तळ. त्या तळावर उथळ समुद्र आला. किनाऱ्याजवळ आधी गोटे आणि वाळू साचली, मग चिखल, त्यांना रबनपल्ली फॉर्मेशन (म्हणजे थरांचा संच) म्हणतात. त्यावर मग चुन्याचा बारीक गाळ साचत गेला तो शहाबाद फॉर्मेशन. त्याच्यावर शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक), परत चुनखडक, परत शेल असं आहे. सगळं मिळून जाडी साधारण ३०० मीटर. वय नक्की किती यावर अजून वाद आहे पण शिंपलेवाले प्राणी पृथ्वीवर यायच्या आधीचा तो काळ, म्हणून त्या फरशीत तुम्हाला शंख-शिंपला दिसणार नाही, कितीही शोधा.

फरशी अशी सरळ का निघते हाही प्रश्न लोक नेहमी विचारतात. चुन्याचा गाळ साचताना मधे मधे चिकणमातीचा अगदी पातळ पापुद्रा साचत गेला. खाणीत थर जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळे कारागीर वरून रेघ मारून काप देतो आणि बाजूने पहार घातली की त्या पापुद्र्यावरून आख्खी फरशी सुटते. तुमच्या घरात न घासलेली, रफ शहाबादी असेल तर तिची कड उन्हात धरून बघा, आडव्या बारीक रेघा दिसतील, काही गडद काही फिकट, आणि वरच्या अंगाला थोडी मऊ मातकट साय असल्यासारखी लागेल, ती त्या पापुद्र्याची. काही फरशांत काळपट दातेरी रेघ असते, करवतीच्या पात्यासारखी, लोक तडा समजून फरशी परत करतात. तो तडा नसतो, वरच्या थरांच्या दाबाने चुना तिथे विरघळून गेला आणि न विरघळणारा मळ रेघेत उरला. असं काहीही तुमच्या पांढऱ्या थरात दिसलं का, हे आधी बघा. मी फोटोत बघितलं, मला नाही दिसलं.

हे थर आडवे असले तरी सगळीकडे शांत नाहीत. खोऱ्याला छेदणारे मोठे भ्रंश आहेत, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या रेषा, गोगीजवळचा तर प्रसिद्ध आहे, तिथे चुनखडक चुरडला गेलाय, थर उभे झालेत आणि त्याच भेगांमध्ये युरेनियमचं खनिज सापडलंय. भ्रंशाजवळ फरशीची खाण चालत नाही, तुकडेच निघतात. त्यामुळे पट्ट्यात गाव आहे म्हणून फरशी मिळेलच असं तिथल्या लोकांनाही म्हणता येत नाही. सिमेंटचं वेगळं, त्याला तुकडा चालतो, वाडी-सेडम-मळखेड भागात म्हणून तर एवढे कारखाने. आणि दगडाचा वापर काही आजचा नाही, सन्नतीजवळ कनगनहळ्ळीचा बौद्ध स्तूप, जिथे सम्राट अशोकाचं नाव कोरलेलं शिल्प सापडलं, तो याच चुनखडकात घडवलेला आहे. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, तिथला कागिणा नदीकाठचा किल्लाही याच दगडाचा. मला हा भाग मनापासून आवडतो, एका दगडावर दोन हजार वर्षं एक मुलूख कसा उभा राहिला ते तिथे चालताना दिसतं.

आता पट्टा कुठे संपतो. रेल्वेने सोलापूरहून वाडीकडे गेलात तर खिडकीतून कळतं. सोलापूर, अक्कलकोट रोड, थेट कलबुर्गी शहरापर्यंत आपल्यासारखाच काळा दगड आणि काळी माती. कलबुर्गी सोडून शहाबाद जवळ आलं की कुंपणं, घरांच्या भिंती, गोठ्याचं जोतं, सगळं फरशीचं दिसायला लागतं. म्हणजे खोऱ्याची वायव्येकडची कड, आपल्या बाजूची, ती लाव्हाच्या खडकाखाली झाकली गेलीय. इथेच तुमच्या पाहुण्यांच्या म्हणण्याला थोडा आधार आहे, चुनखडक बेसॉल्टखाली, म्हणजे या काळ्या लाव्हाच्या दगडाखाली, काही अंतर आत शिरतो हे खरं आहे. प्रश्न किती आत हा.

याचं उत्तर दोन खोल बोअरमधून मिळतं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला. किल्लारी शहाबादपासून सरळ रेषेत जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे थर, आणि त्याखाली थेट जुना स्फटिकी खडक. शहाबादचा जाडजूड चुनखडक तिथे नाही. दुसरा कोयनेचा, भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेला, तिथे सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट आणि त्याच्या खाली लगेच ग्रॅनाइटसारखा खडक, मधे चुनखडकाचा पत्ता नाही. आता निफाड शहाबादपासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. शंभर किलोमीटरवर जो थर सापडला नाही तो साडेचारशेवर पाच फुटात वर येईल हे कसं शक्य आहे, तुम्हीच सांगा.

आणि समजा, अगदी वादासाठी समजा, की नाशिकच्या खाली कुठलातरी जुना चुनखडक आहे. तरी वर किती बेसॉल्ट आहे बघा. कसाऱ्याच्या पायथ्यापासून कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्यापर्यंत जे दिसतं ते सगळं लाव्हाचे थर एकावर एक, म्हणजे नुसती उघडी दिसणारी जाडीच एक किलोमीटरच्या वर, आणि कसाऱ्याशीही लाव्हा संपत नाही, खाली जातोच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. निफाडला तुम्ही पाणी लागावं म्हणून हजार फूट बोअर मारलात तरी मुरूम, मांजऱ्या (पोकळ्या आणि पांढरे ठिपके असलेला काळा दगड), पाषाण (सलग कडक काळा दगड), मधे लाल गेरूचा पट्टा, परत पाषाण, हेच येणार, आजवर आपल्याकडच्या बोअरवाल्यांना दुसरं काही आलेलं नाही. मध्यस्थ जो खोल बोअर म्हणतोय तो या बेसॉल्टमध्येच संपणार.

मग महाराष्ट्रात सिमेंटचा चुनखडक कुठे आहे? विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना-गडचांदूर, आणि यवतमाळमध्ये वणीकडे. त्याला पैनगंगा गट म्हणतात, तोही शहाबादसारखाच फार जुना समुद्री चुनखडक, पण वेगळं खोरं. आवारपूर, गडचांदूर, घुग्गुस हे सगळे सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच उभे आहेत. तो तिथे उघडा दिसतो कारण लाव्हाची कड तिथे संपते. निफाडपासून तेही पाचशे किलोमीटरच्या वर. उत्तरेला बघितलं तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बागजवळ एक चुनखडक आहे, लाव्हाच्या थोडा आधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता त्याचा पुरावा, त्यात जीवाश्म भरपूर. तो अंतराने त्यातल्या त्यात आपल्याला जवळचा म्हणायचा, तरी अडीचशेच्या वर किलोमीटर. म्हणजे कुठल्याही दिशेने गेलात तरी चुनखडक लाव्हाच्या पठाराच्या कडेला भेटतो, आणि आपण बसलोय पठाराच्या पोटात.

इथवर शहाबादचा विषय संपला. पण मग तुमच्या शेतात आलं काय, ते सांगायलाच हवं, कारण उपयोगाचं खरं तिथेच आहे.

आपला काळा दगड दिसतो काळा पण त्यात कॅल्शियम भरपूर असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हलकं आम्ल होतं, ते दगड कुजवतं, कॅल्शियम विरघळवून घेतं आणि मुरत खाली जातं. आता इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस एवढा की विरघळलेलं सगळं धुऊन नदीत जातं, म्हणून तिकडच्या लाल मातीत चुनखड शोधून सापडत नाही. निफाड, येवला, सिन्नरचा पूर्व भाग इथे पाऊस इगतपुरीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि उन्हाळा कडक. पाणी काही फूट खाली जातं, मग ऊन आणि झाडांची मुळं ते परत ओढून घेतात, पाणी उडून जातं आणि चुना तिथेच बसतो. हे दरवर्षी, हजारो वर्षं. आधी मातीत पांढरे ठिपके, मग गोटे, मग गोटे एकमेकांना चिकटून सलग थर. गोदावरीच्या जुन्या गाळात तर हे जास्तच होतं कारण तो गाळ पाणी मुरवतो, आणि नदीकाठी जुन्या गोट्यांचे थर याच चुन्याने असे बांधले गेलेत की कुदळ उडते. तुमचं शेत नदीच्या जवळ आहे म्हणालात त्यावरून मला वाटतं तुमचा थर याच जातीचा, जुन्या गाळातला.

जागेवर खात्री करायची तर मी काय बघतो ते सांगतो. पहिलं, एक गोटा घ्या आणि हातोडीने फोडा. चुनखडीचा असेल तर आत सगळं एकसारखं नसतं, मधे मातीचे तपकिरी डाग, काळ्या दगडाचे बारीक कण, आणि कधी कधी मधोमध फट आणि त्या फटीत काचेसारखं चमकणारं कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक. समुद्री चुनखडक फोडला तर आत बाहेर एकच, बारीक, घट्ट. दुसरं, शेततळ्याच्या चारी भिंती फिरून बघा. थर कुठे जाड कुठे पातळ, कुठे एकदम तुटलेला, वरची कड वेडीवाकडी आणि खालून मुरमात किंवा गाळात हळूहळू मिसळलेला असेल तर तो मातीतच झालाय. तिसरं, बारीक नळ्या सापडतात का बघा, पेन्सिलएवढ्या, मधे पोकळ किंवा मातीने भरलेल्या. त्या जुन्या झाडांच्या मुळांभोवती चुना बसून झालेल्या असतात. नळी सापडली की माझ्यापुरता विषय संपतो, समुद्राच्या तळाशी झाडाची मुळं नसतात.

एक फरक अजून, तो सिन्नरकडच्या लोकांना नक्की लागेल. विहिरीत खोल, दगडाच्या पोकळीत पांढरे किंवा रंगीत स्फटिक सापडतात, ते वेगळं प्रकरण. ते झिओलाइट गटातली खनिजं, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट वगैरे, सोबत अपोफिलाइट, आणि त्यांच्याबरोबर कॅल्साइटही असतं. पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणी आणि सिन्नरचा भाग यासाठी जगभर ओळखला जातो, सिन्नरला त्यांचं संग्रहालयच आहे. त्यातल्या कॅल्साइटला ॲसिडने फेस येतो, स्टिल्बाइटला येत नाही. तेही चुनखडक नव्हे, आणि असे स्फटिक सापडले तर हातोडी बाजूला ठेवा, अख्खा नमुना फार मोलाचा असतो.

चुनखड ही काही कमी दर्जाची वस्तू नाही हेही सांगतो. नागपूर-जबलपूरकडे लाव्हाच्या खाली लॅमेटा नावाचे थर आहेत, त्यातला बराचसा चुन्याचा भाग असाच मातीत तयार झालेला आहे, आणि त्यात डायनासोरची अंडी सापडतात. म्हणजे तुमच्या शेतात चालू आहे तीच क्रिया लाव्हाच्या आधीही चालू होती. आपल्या गोदाकाठच्या गाळातही जुन्या प्राण्यांची हाडं निघालीत, नांदूर मधमेश्वरला मोठ्या हत्तीची कवटी सापडलेली आहे. त्यामुळे खोदताना गाळात जड, दगडासारखं झालेलं हाड किंवा दात दिसला तर काम थांबवून कोणाला तरी दाखवा, ही कळकळीची विनंती.

सिमेंटचं गणित करून टाकू म्हणजे मध्यस्थाला सांगायला सोपं जाईल. एक टन सिमेंटला ढोबळमानाने दीड टन चुनखडक लागतो. वर्षाला दहा लाख टनांचा कारखाना, जो आजच्या हिशोबाने लहानच, त्याला वर्षाला पंधरा लाख टन दगड, म्हणजे रोजचा चार हजार टनांच्या वर. तुमच्या एका एकरात एक मीटर जाडीचा थर धरला तर साधारण चार हजार घनमीटर, वजनात फार तर आठ हजार टन, आणि हे सगळं शुद्ध चुना धरून. कारखाना दोन दिवसांत संपवेल. त्यात तुमच्या थरात माती मिसळलेली. शुद्ध कॅल्साइटमध्ये ५६ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतं, कारखान्याला चुनखडक साधारण ४२-४४ टक्क्यांच्या पुढचा लागतो, मातीचा वाटा वाढला की हा आकडा लगेच खाली येतो. एखादा गोटा भारी निघेल, पण सबंध थराची सरासरी तेवढी येणं अवघड. आणि कंपनी एका शेतकऱ्याच्या एका एकरासाठी येत नाही, ती शेकडो हेक्टरचा पट्टा, पन्नास वर्षांचा साठा, रेल्वे आणि कोळसा बघून येते.

पूर्वी मात्र या चुनखडीला मोल होतं. आपल्याकडच्या वाड्यांचा, घाटांचा चुना बऱ्याच ठिकाणी हीच चुनखड भट्टीत भाजून, भिजवून, चुन्याच्या घाण्यात मळून केलेला. त्यात माती असते ते तिथे गुणाचंच ठरतं, असा चुना ओल्या जागीही घट्ट धरतो. आज जुन्या वाड्यांची दुरुस्ती चुन्यात करणारे लोक आहेत, त्यांना थोडा माल हवा असू शकतो. पण विकायचं म्हटलं की ते गौण खनिजात येतं, तहसील कार्यालयात परवानगी आणि स्वामित्वधन, त्याशिवाय एक ट्रॅक्टरही बाहेर काढू नका, दंड फार बसतो.

हे सगळं म्हणताना काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत. थर नदीच्या जुन्या गाळात आहे की मुरमावर, त्याच्या खाली पाणी धरणारी चिकण आहे की मोकळा मुरूम, तुमची माती किती चुनखडीयुक्त आहे, शेतात द्राक्ष आहे की कांदा, यावर पुढचा सल्ला बदलतो. पण निफाड म्हणजे द्राक्ष असणारच असं धरून सांगतो.

शेततळ्याचं आधी. चुनखडीचा थर दिसायला पक्का, पण त्यात भेगा आणि मुळांच्या जुन्या वाटा असतात, पाणी त्यातून निघून जातं. कडक तळ लागला म्हणून कागदाचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या अस्तराचा, खर्च वाचेल असं समजू नका. अस्तर लागणारच, आपल्याकडे ५०० मायक्रॉनचा कागद बहुतेक जण टाकतात. आणि इथे चुनखडीचा दुसरा त्रास, तिचे कोपरे धारदार, पाण्याचा दाब आला की खालून कागद फाडतात. तळ आणि बाजू नीट घासून घ्या, सुटे गोटे वेचून काढा, मग चाळलेल्या मऊ मातीचा थर देऊन दाबा आणि मगच कागद.

पाण्याचं. अशा भागातल्या विहिरीचं पाणी जड असतं, ठिबकचे ड्रीपर पांढरे होऊन चोक होतात. ॲसिड ट्रीटमेंट ठरावीक काळाने करायचीच, ड्रीपर बंद पडायची वाट बघू नका. पाण्याचा रिपोर्ट काढला की किती ॲसिड लागेल याचा अंदाज येतो.

आणि बागेचं. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसत असेल तर तो लोहाचा त्रास आणि त्यामागे बहुतेक वेळा हाच चुना. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. साधं फेरस सल्फेट जमिनीतून दिलं तर चुनखडीत ते लवकर निकामी होतं, ईडीडीएचए चिलेट, म्हणजे लोह बांधून ठेवलेलं खत, ते टिकतं, महाग आहे पण टिकतं. माती परीक्षणात मुक्त चुन्याचं प्रमाण मुद्दाम मागा, नुसत्या पीएचवर थांबू नका. नवी बाग लावायची असेल तर हा रिपोर्ट घेऊन खुंट (ज्याच्यावर कलम करतात तो) ठरवा, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथले लोक रिपोर्ट बघून चांगलं सांगतात.

बोअरचे पैसे मध्यस्थाला देऊ नका. तो फारच मागे लागला तर त्याला म्हणा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा नकाशा दाखव. त्यांचं भूकोश पोर्टल आहे, तिथे आपल्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा मोबाईलवरही उघडतो, निफाडच्या जागी बेसॉल्ट आणि नदीकाठी गाळ एवढंच दिसेल. पाण्यासाठी बोअर हवा असेल तर ती वेगळी गोष्ट, त्याला नाशिकमध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे, आधी तिथे विचारा.

आता सगळ्यात घाईचं, कारण तुमचं खोदकाम चालू आहे. जेसीबीवाल्याला आजच सांगा की वरची काळी माती एका बाजूला आणि पांढरा माल दुसऱ्या बाजूला, दोन वेगळे ढीग. निघालेला माल शेताच्या खोलगट भागात पसरून जमीन सपाट करायची पद्धत आहे आपल्याकडे, आणि पांढरा माल असा बागेच्या जागी पसरला की मुळांच्या थरात चुना तुम्ही स्वतःच वाढवून ठेवता, मग वर्षानुवर्षं पानं पिवळी आणि औषधांचा खर्च. काळी माती बागेत जाऊ द्या. पांढरा माल बांधावर, शेतरस्त्यावर, गोठ्यासमोरच्या चिखलात टाका, तिथे तो छान दबतो. शेततळ्याच्या बांधात वापरायचा असेल तर बाहेरच्या अंगाला, आतल्या कागदाच्या बाजूला नको. आणि फोडलेल्या गोट्याचा आणि तळ्याच्या भिंतीचा जवळून काढलेला एक-एक फोटो टाका, भिंतीच्या फोटोत शेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे खाली गाळ आहे की मुरूम ते बघून कागदाच्या खालची तयारी किती लागेल ते सांगता येईल.